अकराशे यार्ड

समुद्रावरून येतं ते, जूनमध्ये,
गावात लख्ख ऊन असताना.
आधी दोरीवरचे कपडे दमट होतात,
मग दोरी दिसेनाशी होते, मग कपडे.
खिडकी लावून घेत इसोबेल टार्विट म्हणते,
"हार."

मी दचकतो.
माझ्या भाषेत हार घातला तर तो,
पत्करली तर ती.
इथे तो की ती, विचारायची सोय नाही.
स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर हार नुसतं येतं,
पूर्वेकडून.

मी तिच्या वडिलांच्या नोंदवह्या उतरवून घेतोय.
भोंग्याच्या खोलीतल्या सव्वीस वह्या,
पानं मिठाने फुगलेली,
चिकटलेली सोडवायला लोणी लावायची सुरी.

नियम साधा होता.
भोंग्याच्या दारात उभं राहायचं,
चर्चच्या मनोऱ्याकडे बघायचं. अंतर अकराशे यार्ड.
मनोरा दिसतोय, तर ते मिस्ट. गप्प बसायचं.
मनोरा गेला की फॉग:
इंजिन चालू, दर नव्वद सेकंदांना एक हंबरडा.
हार हा शब्द वहीत कुठेच नाही.
तो मासे साफ करणाऱ्या बायकांच्या तोंडात होता,
त्याला यार्ड लागू नव्हते.

आपल्याकडेही तसंच काहीसं.
धुकं वर्तमानपत्रात पडतं,
धुई मोहोरावर.
आणि धुकधुक?
तिचं धुक्याशी काही नातं नाही, कोशवाले सांगतील.
सांगोत.
ते कधी पहाटे धक्क्यावर उभे राहिलेत?

एकोणीस जून, अठ्ठावन्न साल.
पाच दहा: मनोरा दिसतो. मिस्ट.
पाच चाळीस: मनोरा नाही. फॉग. भोंगा सुरू.
अक्षर दोन्हीकडे सारखंच, तिरकं, नीट.
मधे एक रिकामी ओळ,
तेवढ्यात 'गुड इंटेंट' खडकावर चढली.
तिच्यात वॉटी, इसोबेलचा भाऊ, वय वर्षं एकोणीस,
आणि डोइगांचे दोघे.

चौकशी शाळेच्या वर्गात झाली,
मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून.
मनोरा दिसत होता?
दिसत होता.
पूर्ण?
वरचा कोंबडा नव्हता दिसत.
मग कोंबडा मनोऱ्यात धरायचा की नाही
यावर पाऊण तास गेला.
नाही धरायचा, असं ठरलं.
वडिलांवर ठपका आला नाही.

पुढे दर रविवारी तो ते अंतर पावलांनी मोजायचा.
कधी अकराशे बारा भरायचं,
कधी एक हजार अठ्ठ्याण्णव,
एकदा, गुडघा दुखत होता तेव्हा, बाराशेच्या वर.
चर्चच्या दाराला हात लावून परत फिरायचा.
आत गेला नाही कधी.

"तुझ्याकडे काय म्हणतात याला?"
धुकं, मी सांगतो.
ध तिला जमत नाही.
"दुकं," ती म्हणते, पुन्हा म्हणते, "दुकं?"
जवळजवळ बरोबर आहे, मी म्हणतो.

भोंगा भंगारात गेला त्याला तीस वर्षं झाली.
काचेपलीकडे आता काही नाही,
कुंपण नाही, रस्ता नाही, माझी उभी केलेली सायकल नाही.
ती चहा गाळते, दूध घालायला विसरते,
आणि मी न विचारताच सांगते,
त्या दिवशी पाच वाजता, पाचच्याही आधी,
आई रात्रीचे वाळत घातलेले कपडे आत आणत होती.
मी बिछान्यातून ओरडले, एवढ्यात का?
हार आलंय, ती म्हणाली,
वॉटीचा सदरा खांद्यावर टाकून.

चौकशीला तिला कोणी बोलावलं नाही.